तीन पानं आणि कागदाची घडी

मेथी निवडायला बसाल तेव्हा एक काडी जरा उजेडात धरून बघा. एका देठाला पानं किती? तीन. दुसऱ्याला? तीनच! आता या मेथीच्या एका चुलतबहिणीला भेटायला थेट आयर्लंडच्या कुरणात जाऊ. तिचं नाव शॅमरॉक. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ साधा आहे, कोवळं क्लोव्हर. गुरांच्या पायाखालचा हा पाला १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, लोकांच्या कोटावर मानाने चढतो. पॅट्रिकने एका देवाची तीन रूपं या तीन पानांतून समजावली, अशी तिथली आख्यायिका आहे.

त्या दिवशी मुलं कागदाचं शॅमरॉक करतात. कृती पाच मिनिटांची. हिरवा कागद मधोमध दुमडायचा, घडीला लागून अर्धा बदाम काढायचा आणि कापायचा. घडी उलगडली की पूर्ण बदाम! असे तीन बदाम टोकाला टोक जुळवून चिकटवायचे आणि खाली देठ लावायचा. झालं.

पण थांबा, इथे काय घडलं ते पाहिलंत? दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला बदाम हाताने काढून बघा, भल्याभल्यांचा चुकतो. मग पाच वर्षांच्या मुलाला तो कसा जमला? घडी म्हणजे आरसा. कात्री एकदाच चालली, पण तिने दोन्ही बाजू एकदम कापल्या. मुलाचा हात थरथरला तरी तोच थरथराट पलीकडेही उमटतो, आणि चूकसुद्धा नक्षी होऊन जाते!

आता थोडं मागे, १९व्या शतकातल्या आयरिश खेड्यात जाऊ. तिथली मुलगी या सणाला पुठ्ठ्याच्या क्रूसाला रंगीत फिती गुंडाळून तो अंगावर मिरवायची. मुलगा कागदावर वर्तुळ काढून आत नक्षीचा क्रूस रंगवायचा आणि टोपीला लावायचा. ही हौस त्याहूनही जुनी. लंडनमध्ये राहत असलेल्या लेखक जोनाथन स्विफ्टने १७१३च्या एका पत्रात, या दिवशी रस्त्यावर दिसलेल्या क्रूसांच्या गर्दीची नोंद केली आहे.

वर्तुळातली नक्षी यायची कुठून? तुम्हीच करून बघा. कंपासने वर्तुळ काढा. कंपास तेवढाच उघडा ठेवून टोक रेघेवर टेकवा, पुढे खूण करा, खुणेवर टोक, पुन्हा खूण. सहाव्या खेपेला तुम्ही बरोबर निघालात तिथे पोचता! केसभर पुढे नाही, केसभर मागे नाही. असं का? कारण केंद्र आणि शेजारच्या दोन खुणा मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण होतो. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, आणि असे सहा कोन म्हणजे पूर्ण ३६० अंश. प्रत्येक खुणेवरून वर्तुळाच्या आत कमान काढली की सहा पाकळ्यांचं फूल उमलतं. त्यातल्या एकाआड एक पाकळ्या रंगवा. किती भरल्या? तीन!

रंग विकत आणायला पैसे नसले तरी त्या खेड्यातल्या मुलांचं अडत नसे. निळा हवा? कपड्यांना घालायची नीळ घरात होतीच. हिरवा हवा? कोवळा पाला चुरडून घासायचा. पिवळा? अंड्याचा बलक. आणि गंमत अशी की बलकाचा पिवळेपणा कोंबडी स्वतः तयार करत नाही. तो तिच्या खाण्यातून येतो, हिरव्या पाल्यातूनही. पानात हिरव्या रंगाआड पिवळाही दडलेला असतो. कोंबडी पाला टिपते आणि तो पिवळा बलकात उतरतो. म्हणजे कागदावर शेजारीशेजारी बसलेले हिरवा आणि पिवळा हे दोघं एकाच गवतातून निघालेले असू शकतात!

खरा चमत्कार मात्र अंधार पडल्यावर. पांढऱ्या फुलांचं क्लोव्हर शॅमरॉक म्हणून मिरवणाऱ्यांपैकीच एक. संध्याकाळ झाली की त्याची बाजूची दोन पानं वळून एकमेकांना भिडतात, जणू हात जोडले. तिसरं पान वरून वाकतं आणि त्यांच्यावर छप्पर धरतं. चार्ल्स डार्विनने हे बारकाईने पाहिलं आणि १८८०च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं. पानाला स्नायू नाहीत, मग ते हलतं कशाने? पानाच्या बुडाशी एक इवलासा फुगवटा असतो. त्याच्या एका अंगाच्या पेशींतून पाणी ओसरतं, दुसऱ्या अंगाच्या फुगतात आणि पान झुकतं. सकाळी पाणी परततं, पान उलगडतं.

मूल कागदाची घडी घालून पान करतं, आणि कुरणातलं पान रोज रात्री स्वतःचीच घडी घालून निजतं. कात्री हातात घेतलेल्या मुलाला हे आधी सांगा. घडी उलगडताना त्याचे डोळे बघा.