क्रूझवर दोन केबिन घेताना आधी वयाचा नियम पाहा

गोव्याच्या तारवटींनी जगभरच्या जहाजांवर पिढ्यानपिढ्या नोकऱ्या केल्या. आता गोमंतकीय कुटुंबे प्रवासी म्हणूनही क्रूझवर जातात. आई-वडील, मुले आणि आजी-आजोबा एका केबिनमध्ये मावत नाहीत, म्हणून दोन-तीन केबिन घ्याव्या लागतात. तेथेच वयाचा नियम आडवा येतो.

रॉयल कॅरिबियनचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजावर प्रत्येक केबिनमध्ये किमान एक प्रवासी २१ वर्षांचा असावा लागतो. युरोप व आशियातील फेऱ्यांना ही मर्यादा १८ आहे. म्हणजे भारतीय कायद्याने सज्ञान असलेला १९ वर्षांचा मुलगा मायामीत धाकट्या बहिणीसाठी पुरेसा ठरत नाही. वय मोजतात तेही आरक्षणाच्या नव्हे, जहाज सुटण्याच्या दिवशीचे.

पालकांची केबिन लगतची असल्यास या नियमातून सवलत मिळते. मात्र क्रमांक नंतर ठरणाऱ्या स्वस्त केबिनमध्ये शेजाराची खात्री नसते. अशा वेळी एका केबिनवर आई व एक मूल, दुसरीवर वडील व दुसरे मूल अशी नावे नोंदवणे सुरक्षित.

नातवंडे केवळ आजी-आजोबांसोबत जाणार असतील, तर पालकांचे नोटरीकृत संमतिपत्र हवे. त्यात वैद्यकीय उपचारांची परवानगीही असावी. सहा महिन्यांखालील बाळाला प्रवेश नाही. महासागर ओलांडणाऱ्या सफरींना ही अट एक वर्षाची आहे.

नियम कंपनीगणिक बदलतात. बंदरावर अडवले गेल्यास सुट्टीही जाते आणि पैसेही. म्हणून अटी आरक्षणापूर्वीच वाचाव्यात.