गाव तेच, दप्तर बदलले: ऊस नोंदीच्या नव्या मांडणीविषयी
— ऊस विकास अधिकारी



गेल्या उन्हाळ्यात एका सोयऱ्यांकडच्या लग्नासाठी बल्लारशाहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत बसलो होतो. वाटेत 'चांदा फोर्ट' स्टेशन लागले, म्हणजे चंद्रपूरच. उतरलो वडसा स्टेशनवर, तर तालुक्याचे नाव देसाईगंज! शेजारचे आजोबा हसून म्हणाले, "साहेब, जलमलो चांदा जिल्ह्यात, लगन झालं चंद्रपूर जिल्ह्यात अन् म्हातारा झालो गडचिरोलीत. घर मात्र तेच आहे."

बोलणे गमतीचे, पण दप्तर सांभाळणाऱ्याला विचार करायला लावणारे. राजुरा तालुका आधी आदिलाबाद जिल्ह्यात होता, मग नांदेडात गेला आणि 1959 साली चंद्रपुरात आला. पुढे 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. आज चंद्रपुरात 15 आणि गडचिरोलीत 12 तालुके आहेत. जमीन जागची हलली नाही, कागद मात्र हलले.

आता समजा, प्रत्येक खातेदाराच्या ओळीत जिल्ह्याचे नाव लिहिलेले आहे. जिल्हा फुटला की हजारो ओळी दुरुस्त करा, आणि एक राहिली तरी घोटाळा. त्याऐवजी खातेदार, गाव, तालुका, जिल्हा असे वेगवेगळे तक्ते ठेवले, प्रत्येकाला न बदलणारा नंबर दिला, तर तालुक्याच्या तक्त्यातल्या मोजक्या ओळी बदलल्या की भागते. माहिती अशी तक्त्यांत ठेवून ते एकमेकांशी जोडण्याची रीत 1970 साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी शास्त्रशुद्ध मांडली. आजचे बहुतेक कॉम्प्युटर-दप्तर याच रीतीवर चालते.

आपल्या ऊस नोंदीत नेमकी इथेच खोट होती. एका सभासदाला गट क्रमांकाचा एकच रकाना. घरोघर वाटण्या झाल्या, जमिनी वाढल्या, आणि दोन-तीन गट त्याच रकान्यात कोंबले गेले. मागच्या हंगामात एका सभासदाची आडसाली आणि खोडवा एकाच ओळीत गेले. खोडव्याची तारीख आडसालीला लागली. तोड महिनाभर उशिरा आली, उसाला तुरे आले, वजन घटले. चूक आमच्या शेतकी खात्याची होती. मी स्वतः त्यांच्या बांधावर उभा राहून सगळे ऐकून घेतले.

म्हणून आता सभासदाचा तक्ता वेगळा आणि प्लॉटचा वेगळा करीत आहोत. प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र नंबर राहील.

हे काम तलाठ्याच्या रीतीने करायचे आहे. सात-बारावर जुने नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करून फेरफाराचा नंबर घालतात, आणि गाव नमुना 6 मध्ये त्याची नोंद राहते. तसेच इथे. आधी जुन्या नोंदीची पूर्ण नक्कल काढून ठेवायची. मग जुने रकाने तसेच ठेवून नवे भरायचे. सभासद, प्लॉट आणि एकूण क्षेत्र यांचा जुन्या-नव्याचा ताळा घ्यायचा. जुळला तरच जुना रकाना बंद. प्रत्येक बदलाला नंबर आणि तारीख, म्हणजे चुकले तर मागे येता येते. आणि हे सारे गळीत सुरू होण्यापूर्वी. मोट चालू असताना नाडा बदलत नाहीत.

एक गोष्ट मात्र कॉम्प्युटरला जमणार नाही. बेरीज जुळली म्हणजे नोंद खरी, असे नाही. माझे अर्धा एकर तुमच्या नावावर आणि तुमचे माझ्या नावावर पडले, तरी बेरीज तीच येते! कुठला बांध कुणाचा, हे तुम्हालाच ठाऊक.

तेव्हा आपापल्या गट कार्यालयात यादी लागली की सात-बारा आणि बँकेचे पासबुक घेऊन जरूर या. गट क्रमांक, क्षेत्र, उसाची जात, लागणीची किंवा खोडव्याची तारीख, खाते नंबर, एवढे पाच रकाने स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर मुला-नातवाला बरोबर आणा. चूक दिसल्यास लेखी द्या आणि पोच घ्या. टोळी फडात उतरल्यावर सांगितलेली दुरुस्ती कागदावर होते. वाळलेला ऊस काही पुन्हा ओला होत नाही.