रात्रीची नोंद, सकाळचा वर्ग

‘बालपणातील प्रतिकूल अनुभव’ ही संज्ञा आज आरोग्य, शिक्षण आणि पोलीस या तिन्ही खात्यांत रूढ होत असली, तरी तिचा उगम कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील एका लठ्ठपणा-निवारण केंद्रात झाला. वजन चांगले उतरत असलेले रुग्णच उपचार अर्ध्यावर सोडून जातात, हे १९८० च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या ध्यानात आले आणि अशा रुग्णांशी सविस्तर बोलल्यावर, त्यांच्यापैकी अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. या सूत्राच्या आधारे त्यांनी आणि डॉ. रॉबर्ट अंडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७,००० हून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, लैंगिक अत्याचार, हेळसांड, आईला होणारी मारझोड, घरातले व्यसन, मानसिक आजार, कुटुंबातील कोणाचा तुरुंगवास, आईवडिलांची ताटातूट असे या अनुभवांचे प्रकार मानले जातात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकार आले होते त्यांच्यात मद्यासक्ती, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम, असे काहीही न भोगलेल्यांच्या तुलनेत, चौपट ते बारापट आढळली. पाहणीतले हे लोक बहुतांशी सुशिक्षित, नोकरदार आणि आरोग्यविमा असलेले होते, त्यामुळे हा प्रश्न केवळ गरीब वस्त्यांचा आहे ही समजूत त्या आकड्यांनीच खोडून काढली आहे.

या संशोधनाचा एक घातक अर्थही लावला गेला. प्रत्येक मुलाला प्रश्नावली द्यावी, त्याच्या दुःखाचे गुण मोजावेत आणि त्यावरून त्याचे भवितव्य ठरवावे, अशी पद्धत काही ठिकाणी सुरू झाली. समूहाची जोखीम दाखवणारा हा आकडा एकेका व्यक्तीचे निदान करण्यासाठी बनवलेलाच नाही, असे खुद्द अंडा यांना २०२० मध्ये लेख लिहून सांगावे लागले. मुलाच्या कपाळी अंकाची चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा, सतत भीतीच्या छायेत वावरणाऱ्या त्याच्या शरीराला आधार कोण देणार, हा स्थानिक यंत्रणांपुढचा खरा प्रश्न आहे. भीती क्षणिक असेल तर ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारी संप्रेरके लवकर ओसरतात. ती रोजची झाली आणि जवळ घेणारे माणूस नसले, तर झोप, स्मरण आणि एकाग्रता या साऱ्यांवर तिचा परिणाम होतो. अशा मुलाला निदान एका तरी मोठ्या माणसाचा विश्वासाचा, सातत्याचा आधार मिळाला, तर हा परिणाम बराच सौम्य होतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत, घराबाहेर असे माणूस शाळेतच भेटते.

इंग्लंडमधील प्लिमथ शहरात २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन एन्कम्पास’ या उपक्रमाचा पाया हाच आहे. मुख्याध्यापिका एलिझाबेथ आणि पोलीस दलातील त्यांचे पती डेव्हिड कार्नी-हॉवर्थ यांनी घातलेली रीत अगदी साधी आहे. ज्या घरात रात्री कौटुंबिक हिंसेमुळे पोलीस गेले, तिथल्या मुलाच्या शाळेला दुसऱ्या दिवशी वर्ग भरण्यापूर्वी पोलिसांनी कळवायचे आणि शाळेत प्रशिक्षण घेतलेल्या एकाच व्यक्तीने तो निरोप घ्यायचा. मुलाला काहीही विचारले जात नाही. गृहपाठ झाला नसेल तर त्याला शिक्षा होत नाही, भूक लागली असेल तर खायला मिळते, डोळ्यांवर झोप असेल तर शांत कोपरा मिळतो. पुढे इंग्लंड आणि वेल्समधील सर्व पोलीस दलांनी ही रीत स्वीकारली, आणि कौटुंबिक हिंसा पाहणारे मूल स्वतःच पीडित आहे, हे तिथल्या २०२१ च्या कायद्याने मान्य केले.

महाराष्ट्रात अशी व्यवस्था उभारायला लागणारी माणसे बहुतांशी कायद्यानेच नेमलेली आहेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असायला हवी. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली १०९८ ही मदतवाहिनी आजही चालू आहे. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याने तर, मुलाचा जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात असू नये, इतका बारीक विचार केला आहे. उणीव आहे ती या खात्यांमधल्या दुव्याची, आणि ती नेमकी कुठे आहे हे एका कागदावर स्पष्ट दिसते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी जो ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरतात, त्यात पीडितेच्या मुलांची संख्या, नावे, वय, लिंग आणि ती सध्या कोणाकडे राहतात, एवढे विचारलेले असते. हा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे जातो, त्याची प्रत पोलीस ठाण्यात जाते. मूल कोणत्या शाळेत जाते, हा रकाना मात्र त्यात नाही. त्यामुळे पहाटेपर्यंत आईजवळ जागून बसलेली मुलगी सकाळी वर्गात बाकावर डोके टेकते, तेव्हा गुरुजींच्या लेखी ती आळशी ठरते.

पोलिसांनी इथेही शाळेला कळवावे म्हटले, तर गावात अशी बातमी पसरायला फोन लागत नाही, असा आक्षेप येतो आणि तो खरा आहे. परंतु पारावरच्या कुजबुजीतून कळलेल्या गोष्टीचे उत्तरदायित्व कोणावरच येत नाही आणि मुलाला तिच्यातून मिळते ती फक्त लाज. म्हणून निरोप मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी नेमलेल्या एकाच शिक्षिकेने घ्यावा, त्यात मुलाचे नाव, इयत्ता आणि ‘काल रात्री घरी पोलीस गेले होते’ एवढेच असावे आणि तो हजेरीपटावर किंवा दाखल्यावर कधीही उतरू नये.

मे महिन्यात शाळा बंद असतात आणि मुले दिवसभर त्याच घरात असतात. त्या काळात हा निरोप कोणाकडे जाणार, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल. सहा वर्षांखालील भावंडांसाठी अंगणवाडी सेविका आणि मोठ्यांसाठी घरोघरी फिरणारी आशा सेविका, ही दोनच माणसे तेव्हा त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचू शकतात.