भिंत फोडायची, पण मनगटाने!

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात कॅनरा युनियनचा हॉल आहे. साठच्या दशकात तिथे लग्नं लागत आणि हॉल मोकळा असेल तेव्हा बॅडमिंटन रंगे. शाळा सुटली की मुलं आधी तिथे डोकावत. लग्नाची गडबड दिसली की हिरमुसून परत. नाही तर रॅकेट घेऊन थेट कोर्टवर! प्रकाश पदुकोण हा त्यांच्यापैकीच एक. फूल कुठे येणार हे आधी ओळखायचं आणि तिथे जाऊन उभं राहायचं, हा धडा त्याने याच हॉलमध्ये गिरवला.

गंमत अशी, की हाच धडा पुढे एका जपानी व्हिडिओ गेमनेही दिला. ‘कॉस्मिक स्मॅश’ हे त्याचं नाव. सेगा कंपनीने २००१ साली तो बाजारात आणला.

चार रात्रींची करामत

त्याचा मूळपुरुष म्हणजे अटारी कंपनीचा १९७६ चा ‘ब्रेकआउट’. पडद्यावर वर विटांची भिंत, खाली सरकती फळी आणि मध्ये टप्पे घेणारा चेंडू. चेंडू लागला की वीट गायब. फळी चुकली की चेंडू गेला! त्याची पहिली जुळणी स्टीव्ह वॉझ्नियाक याने मित्र स्टीव्ह जॉब्जच्या सांगण्यावरून चार दिवस-रात्री जागून केली. पडदा कृष्णधवल होता. विटा रंगीत दिसाव्यात म्हणून काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पुढे ‘अ‍ॅपल टू’ हा संगणक घडवताना वॉझ्नियाकने त्यात रंग आणि आवाजाची सोय केली, ती बरीचशी याच खेळापायी.

सपाट पडद्याला खोली

‘ब्रेकआउट’मध्ये प्रश्न एकच असे: डावीकडे की उजवीकडे? ‘कॉस्मिक स्मॅश’ने ही भिंत समोर, खोलीच्या पार टोकाला नेऊन उभी केली. खेळाडूला स्क्वॉशसारखं बंदिस्त कोर्ट मिळालं आणि फळीऐवजी रॅकेटवाली पारदर्शक मनुष्याकृती. आता चेंडू डावी-उजवीकडे जातो, वर-खाली जातो आणि दूर जाऊन अंगावरही येतो. त्यामुळे ‘कुठे’ या प्रश्नाला ‘केव्हा’ हा दुसरा प्रश्न जोडला गेला. वाड्याच्या भिंतीवर चेंडू मारत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना हे वेगळं सांगायला नकोच!

शिवाय डोक्यावर घड्याळ. ठरलेल्या वेळात विटा संपवायच्या. कसरतीचा झोकदार फटका मारता येतो, पण त्याची किंमत सेकंदांत मोजावी लागते. दिमाख दाखवायचा की वेळ राखायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. २०२३ मध्ये याच कल्पनेवरचा ‘सी-स्मॅश व्हीआरएस’ आला. त्यात डोळ्यांवर यंत्र चढवून खेळाडू स्वतःच त्या कोर्टात उतरतो. फळी गेली, बाहुली गेली. उरला आपलाच हात.

ताकदीचं काय?

‘मुलं नुसती तोडफोड करत बसतात,’ अशी तक्रार घरोघर ऐकू येते. डोळ्यांची आणि अभ्यासाची काळजी रास्तच आहे. पण या खेळात तोडफोडीला ताकद लागतच नाही. लागतो तो कोन, अंदाज आणि धीर. घाईने मारलेला फटका नको तिथून परत येतो आणि मारणाऱ्यालाच पळवतो.

१९८० साली ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात हेच दिसलं. समोर इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग. त्याच्या उडी मारून हाणलेल्या स्मॅशचा जगात दरारा होता. पदुकोणने ताकदीला ताकदीने उत्तर दिलंच नाही. मनगटाच्या हलक्या फटक्यांनी त्याने खेळाची लय आपल्या हाती ठेवली आणि १५-३, १५-१० असा सामना खिशात टाकला.

मल्लेश्वरमच्या त्या हॉलमध्येही एक घड्याळ होतंच की! पुढचं लग्न लागेपर्यंतच कोर्ट आपलं. म्हणून मिळालेला एकही फटका वाया घालवायचा नाही.