सहा तालुके, पण संगणकाला दिसले आठ!

वाशीम जिल्ह्यात तालुके किती, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन 'सहा' म्हणाल. वाशीम, रिसोड, मालेगाव, मानोरा, मंगरूळ पीर आणि कारंजा लाड. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या सहा तालुक्यांचे संगणक मात्र आठ करून ठेवतो. कसे ते पाहू.

समजा, लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात तुम्ही प्रत्येक तालुक्याच्या नावाने एक फोल्डर केला आणि त्यात पावसाच्या नोंदींच्या फाइली ठेवल्या. रोज हाताने मोजण्याचा कंटाळा आला, म्हणून एक छोटी आज्ञावली लिहिली : 'एलएस या आज्ञेने फोल्डरांची यादी काढ, मग यादीतले एकेक नाव घेऊन त्यातल्या फाइली मोज.' चार तालुक्यांचा हिशेब बरोबर आला. पण पुढे? 'मंगरूळ' सापडत नाही, 'पीर' सापडत नाही, 'कारंजा' सापडत नाही, 'लाड' सापडत नाही!

असे का झाले? आपली आज्ञा वाचणाऱ्या कार्यक्रमाला 'शेल' म्हणतात. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीपासून शेलचा रिवाज असा, की मोकळी जागा दिसली की एक शब्द संपला. वाशीमला सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नाही; तरी जाणकार तो वाचतो, कारण माणूस अर्थावरून शब्द तोडतो. शेलला अर्थ कळत नाही. त्याला कळते ती फक्त खूण.

मोजताना चूक झाली तर फार बिघडत नाही. पण आज्ञा पुसण्याची असेल तर? 'कारंजा लाड पूस' असे सांगितले आणि शेजारी 'कारंजा' नावाचा दुसरा फोल्डर असला, तर तोच नाहीसा व्हायचा! नोव्हेंबर २००१ मध्ये अॅपल कंपनीच्या आयट्यून्स २ या कार्यक्रमाबाबत असेच घडले. तो संगणकावर बसवणाऱ्या आज्ञावलीत जुनी प्रत पुसण्याची आज्ञा होती, पण डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे नव्हती. डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही लोकांची साठवलेली माहिती पुसली गेली. कंपनीला घाईने सुधारित आवृत्ती काढावी लागली.

मग उपाय काय? आपल्या आज्ञावलीत नाव दोन ठिकाणी तुटते, म्हणून दोन्ही ठिकाणे सांभाळायची. पहिले ठिकाण यादीचे. यादीतून नावे उचलतानाच ती तुटतात. नंतर अवतरणचिन्हे घालून काय उपयोग? म्हणून 'एलएस'ची यादी घेऊच नका. तिच्या जागी नुसती फुली (*) लिहा. शेल स्वतः एकेक नाव अखंड आणून देतो.

दुसरे ठिकाण चलाचे. आलेले नाव एका चलात ठेवले जाते. तो चल वापरताना शेल आधी त्याची किंमत मांडतो आणि मग मोकळ्या जागेवर तिचे तुकडे करतो. चलाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे घातली की तुकडे होत नाहीत. एकेरी चिन्हे चालणार नाहीत बरे का! ती चलाची किंमतच मांडू देत नाहीत.

एक गंमत आणखी. फाइलीच्या नावात नवी ओळसुद्धा येऊ शकते! युनिक्समध्ये नावात दोनच चिन्हे निषिद्ध : तिरपी रेघ आणि 'शून्य' हे अदृश्य चिन्ह. तिरपी रेघ पत्त्यात फोल्डर वेगळे करायला लागते, उरले शून्य. म्हणून 'फाइंड' या आज्ञेला प्रत्येक पत्त्यानंतर शून्य टाकायला सांगता येते. तत्त्व लक्षात ठेवा : दोन गोष्टी वेगळ्या करणारी खूण त्या गोष्टींच्या आत कधीही न येणारी असावी.

आता करून पहा. शाळेच्या संगणकावर सहा रिकामे फोल्डर करा. आज्ञावलीत मोजण्याच्या जागी 'प्रिंटएफ' ही आज्ञा घालून प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीवर छापा. ('एको' नको, ती तुकडे पुन्हा जोडून दाखवते आणि चूक झाकते.) ओळी आठ आल्या तर चूक शोधा. सहा आल्या, की मगच खरी आज्ञा द्या.