डबा उघडण्यापूर्वी

विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तालिकेत जुन्या पुस्तकाची नोंद सापडली की ते वाचकाच्या हाती येण्यात सहसा फारसा अडथळा उरत नाही. परंतु त्याच तालिकेत सोळा मिलिमीटरची फिल्म, स्पूलवरची ध्वनिफीत किंवा लाखेची तबकडी यांची नोंद सापडली, तर ती वस्तू ग्रंथालयाच्या मालकीची असूनही वाचकाला दिसेल वा ऐकू येईल असे गृहीत धरता येत नाही. पुस्तकाला डोळे पुरतात. फितीला मात्र चालू स्थितीतले यंत्र, ते हाताळणारा जाणकार माणूस आणि पुष्कळदा हक्कधारकाची परवानगी अशा तिन्ही गोष्टी लागतात, आणि यांपैकी एक जरी नसली तरी संग्रह शाबूत असूनही मुका राहतो.

या प्रश्नाचा आवाका कळण्यासाठी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे उदाहरण उपयोगी आहे. ब्लूमिंग्टन येथील आपल्या परिसरात अशी सामग्री किती आहे याची पाहणी या विद्यापीठाने केली, तेव्हा 2009 सालच्या अहवालात ध्वनिमुद्रणे, व्हिडिओ आणि फिल्म मिळून साडेपाच लाखांहून अधिक वस्तू निरनिराळ्या विभागांत विखुरलेल्या आढळल्या. त्यांत शाळा-महाविद्यालयांना वापरायला देण्यासाठी एकेकाळी बाळगलेल्या शैक्षणिक फिल्म होत्या, ज्यांची मागणी व्हिडिओ आल्यावर ओसरली आणि डबे तसेच राहिले. आणि जॉर्ज हर्झोग यांनी कोलंबिया विद्यापीठात सुरू करून 1948 साली ब्लूमिंग्टनला आणलेला पारंपरिक संगीताचा संग्रहही होता, ज्यात क्षेत्रसंशोधकांनी मेणाच्या नळकांड्यांवर टिपलेली हजारो गाणी आणि कथने आहेत.

हे डबे सरळ उघडून यंत्रावर का लावता येत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या द्रव्यात आहे. चित्रपटगृहांसाठीची पस्तीस मिलिमीटरची फिल्म 1951च्या सुमारापर्यंत मुख्यतः सेल्युलोज नायट्रेटवर बनत असे. हे द्रव्य स्वतःच प्राणवायू पुरवत जळत असल्यामुळे एकदा पेटलेले रीळ पाण्यात बुडवूनही विझत नाही, आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटवरील मोठा साठा 2003 सालच्या आगीत गेला, ही मराठी चित्रपटरसिकांच्या जिव्हारी लागलेली हानी आहे. विद्यापीठांकडे प्रामुख्याने असते ती सोळा मिलिमीटरची फिल्म. ती 1923 साली बाजारात आली तेव्हापासूनच सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटवर बनवली गेली, पण ॲसिटेटचा स्वतःचा रोग आहे. उष्ण आणि दमट हवेत त्यातून ॲसिटिक आम्ल सुटू लागते, तेच आम्ल पुढचे विघटन अधिक वेगाने घडवते, फीत आकसते, वाकडी होते, आणि डबा उघडताच व्हिनेगरचा उग्र वास येतो, म्हणून या रोगाला ‘व्हिनेगर सिंड्रोम’ म्हणतात. आकुंचन एका टक्क्याच्या आसपास पोहोचले की फितीच्या कडेची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळेनाशी होतात, आणि अशा वेळी फीत चालवणे म्हणजे ती फाडणे होय. अमेरिकेतीलच रोचेस्टर येथील तंत्रविद्यापीठातल्या प्रतिमा-संवर्धन संस्थेने या आम्लाची पातळी दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या. डब्यात ठेवलेली पट्टी निळ्याची हिरवी आणि पुढे पिवळी होत जाते, त्यावरून कोणत्या फिल्मकडे आधी लक्ष द्यायचे हे संग्रहपाल ठरवू शकतो.

ध्वनिमुद्रणांची कथा याहून सोपी नाही. चुंबकीय फितीवर लोहकण धरून ठेवणारा लेप असतो. 1970 आणि 1980च्या दशकांतील अनेक फितींत हा लेप हवेतील ओलावा शोषून चिकट होतो आणि वाजवताना यंत्राच्या हेडवर खरवडून उतरतो. अशी फीत सुमारे 50 ते 55 अंश सेल्सिअस तापमानात काही तास नियंत्रितपणे तापवली तर थोड्या काळापुरती वाजण्याजोगी होते, आणि तेवढ्या अवधीत तिची प्रत करून घ्यावी लागते. मात्र ॲसिटेटची जुनी ध्वनिफीत अशी तापवली तर ती बिघडते, म्हणून फीत ओळखता येणे ही पहिली पायरी आहे. मेणाच्या नळकांडीवर जेमतेम दोन ते चार मिनिटांचा आवाज मावतो आणि सुई प्रत्येक वेळी त्यातला थोडा भाग झिजवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मानवशास्त्र संग्रहालयातील नळकांड्यांसाठी म्हणूनच वेगळा मार्ग निवडला गेला: शेजारच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कार्ल हेबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली पद्धत खोबणीला स्पर्श न करता प्रकाशाने तिची अतिसूक्ष्म प्रतिमा घेते आणि त्या प्रतिमेवरून संगणक आवाज पुन्हा घडवतो. याही यंत्राला काळजीपूर्वक चालवणारा माणूस लागतोच.

वाचकाची वाट तालिकेपासून सुरू होते खरी, पण अशा संग्रहांत प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद असतेच असे नाही. एखाद्या प्राध्यापकाने दिलेल्या साऱ्या फिती एकाच नोंदीखाली असू शकतात, आणि कोणत्या पेटीत काय आहे हे सांगणारी संग्रहसूची वेगळी पाहावी लागते. म्हणून अनुभवी अभ्यासक प्रत्यक्ष जाण्याच्या काही आठवडे आधी संग्रहपालाला लिहितात आणि काय हवे, कशासाठी हवे हे स्पष्ट सांगतात. संग्रहपाल प्रथम वापरप्रत, म्हणजे वाचकांसाठीच काढलेली दुय्यम प्रत, आहे का ते बघतो. असेल तर ती दिली जाते आणि मूळ प्रत हलत नाही. नसेल तर मूळ वस्तू शीतकोठारातून मागवावी लागते, आणि ती आल्याबरोबर उघडता येत नाही, कारण थंड फितीवर बाहेरच्या हवेतले बाष्प थिजते. डबा बंद ठेवूनच ती हळूहळू खोलीच्या तापमानाला आणतात. त्यानंतर तपासणी, डागडुजी आणि मग कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली आडव्या टेबलयंत्रावर पाहणे किंवा मागणीनुसार डिजिटल प्रत काढणे, असा क्रम असतो. या सर्व विलंबाला आडमुठेपणा समजणे अन्यायाचे आहे; पण यंत्र आणि माणूस यांच्यावर खर्च न करता केवळ ‘मूळ प्रत नाजूक आहे’ एवढ्या कारणावर वर्षानुवर्षे दार बंद ठेवणे हेही संवर्धन नव्हे, कारण बंद डब्यातही विघटन चालूच असते.

इंडियाना विद्यापीठाने 2013 साली दीड कोटी डॉलरांची तरतूद जाहीर करून हे काम एकाच मोठ्या मोहिमेत हाती घेतले आणि अनेक फिती एकाच वेळी समांतर चालवून साडेतीन लाखांच्या आसपास वस्तू डिजिटल केल्या. तरीही त्यांतील सर्व काही कोणालाही घरबसल्या ऐकता येत नाही, कारण प्रत असणे आणि ती खुली करण्याचा हक्क असणे या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत 1923पूर्वी प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणे 1 जानेवारी 2022 रोजी प्रताधिकारमुक्त झाली. भारतात ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचा प्रताधिकार प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो. आपल्या 1957च्या कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीने, विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची जुन्या माध्यमातील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल स्वरूपात साठवण्याची मुभा दिली आहे. कायद्यापलीकडे संमतीचाही प्रश्न येतो: एखाद्या आदिवासी समाजाने ठरावीक ऋतूतच गायचे गीत शंभर वर्षांपूर्वी परक्या संशोधकाने टिपले असेल, तर ते सर्वांना ऐकवायचे की नाही हे त्या समाजाला विचारले गेले पाहिजे.

मराठीचा या विषयाशी थेट संबंध आहे. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीला जोडून 1913 ते 1929 या काळात देशातील अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या मुद्रित झाल्या, ज्यांत उधळ्या पुत्राचा बायबलमधील दृष्टान्त ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या भाषेत सांगितला आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयामुळे ही मुद्रणे आज घरी बसून ऐकता येतात. परदेशी अभ्यासकांनी भारतात टिपलेल्या संगीताच्या प्रती भारतातच उपलब्ध व्हाव्यात या हेतूने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने लोकसंगीत-संशोधनाचे जे संग्रहकेंद्र 1982 साली स्थापन केले, त्याची सुरुवातही पुण्यातच झाली होती आणि पुढे ते दिल्लीकडे गेले.

महाराष्ट्रातील अनेक घरांत आणि महाविद्यालयांच्या कपाटांत आजही कीर्तनांच्या, नाट्यप्रयोगांच्या, व्याख्यानांच्या ध्वनिफिती पडून असतील. त्यांच्या धन्यांनी सापडलेल्या जुन्या यंत्रावर त्या उत्साहाने वाजवून पाहू नयेत. त्या कोरड्या, थंड जागी ठेवाव्यात, आवाज कोणाचा, स्थळ कोणते आणि साल कोणते हे आठवणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून पेटीवर पेन्सिलीने लिहावे, आणि मग जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाला पत्र टाकावे.