मार्थची तलवार फक्त टोकानंच का 'लागते'? स्मॅशमधल्या अंतराचं गणित समजून घ्या

समोरचा गडी तलवारीच्या टप्प्यात आहे. बटण वेळेत दाबलं, वार बसलाही. तरी तो जरासा मागं सरकतो, सावरतो आणि उलट मार्थलाच धरून आपटतो. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली'मध्ये मार्थ घेऊन खेळायला सुरुवात केलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. मग शिव्या बसतात त्या कंट्रोलरला. पण कंट्रोलर निर्दोष असतो. वार बसला होता, फक्त पातीच्या चुकीच्या भागानं बसला होता.

आता ज्यांनी हा गेम पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेली हा निन्टेन्डोचा २००१ सालचा फायटिंग गेम. मासाहिरो साकुराई यांनी तो दिग्दर्शित केला आणि तो गेमक्यूब या कन्सोलवर आला. यात मारिओपासून पिकाचूपर्यंत सगळे एका मैदानात भांडतात. इथं नेहमीसारखी संपत जाणारी लाइफची पट्टी नसते. मार खाल्ला की टक्के वाढतात, आणि टक्के जितके जास्त तितका पुढचा फटका तुम्हाला लांब फेकतो. मैदानाबाहेर फेकले गेलात की एक जीव गेला.

मार्थ हा मुळात 'फायर एम्ब्लेम' मालिकेचा राजपुत्र, १९९० साली फॅमिकॉमवर आलेला. मेली आला तेव्हा ही मालिका जपानबाहेर निघालेलीच नव्हती. त्यामुळं हा निळ्या केसांचा तलवारवाला कोण, हे अमेरिकेतल्या पोरांना माहीतच नव्हतं. तरीही तो मेलीतल्या सगळ्यात तगड्या पात्रांपैकी एक ठरला.

कारण त्याच्या तलवारीचं टोक.

गेमच्या आत तलवार म्हणजे न दिसणाऱ्या गोलांची रांग असते. त्यांना हिटबॉक्स म्हणतात. मार्थच्या बहुतेक वारांमध्ये टोकावरच्या गोलाची ताकद बाकीच्यांपेक्षा वेगळी ठेवली आहे. त्याचा फॉरवर्ड स्मॅश, म्हणजे समोरचा जोरदार वार, पातीच्या आतल्या भागानं लागला तर १४ टक्के नुकसान करतो. टोकानं लागला तर २०. आकड्यात फरक सहाचा दिसतो, पण माणूस किती लांब उडतो यातला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो. आतल्या भागानं लागल्यावर जो मैदानात टिकतो, तोच टोकानं लागल्यावर जीव गमावून बसतो. खेळाडू या टोकाच्या घावाला 'टिपर' म्हणतात.

क्रिकेटच्या बॅटशी तुलना लगेच सुचते. बॅटच्या मधोमध बॉल लागला की सिक्स, कडेला लागला की कॅच. फरक इतकाच की इथं गोड जागा बॅटच्या मधोमध नाही, अगदी शेवटाला आहे. म्हणजे मार्थनं शत्रूपासून नेमकं एक तलवार लांब राहायला हवं. एक पाऊल पुढं गेलं की वार हलका, एक पाऊल मागं राहिलं की वार हवेत.

इथंच नवखे अडकतात. त्यांना वाटतं की हे नजरेचं काम आहे, अंतर डोळ्यात बसलं की झालं. खरं तर हे वेळेचं काम आहे.

मेली सेकंदाला ६० फ्रेमनं चालतो. फॉरवर्ड स्मॅशचं बटण दाबलं की तलवार दहाव्या फ्रेमला लागते, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग उलटल्यावर. ऐकायला काहीच नाही. पण समोर फॉक्स धावत येत असेल तर? त्याचा धावण्याचा वेग फ्रेमला २.२ एकक आहे. दहा फ्रेममध्ये तो २२ एकक पुढं येतो. 'फायनल डेस्टिनेशन' हे सपाट मैदान साधारण १७१ एकक रुंद आहे. म्हणजे तुमची तलवार फिरेपर्यंत फॉक्सनं मैदानाचा आठवा हिस्सा कापलेला असतो. बटण दाबताना तो टोकावर दिसत असेल, तर वार बसायच्या क्षणी तो तुमच्या छातीला भिडलेला असणार.

म्हणून अनुभवी मार्थ खेळाडू शत्रू आहे तिथं वार करत नाही. तो जिथं असणार आहे तिथं करतो. धावत येणाऱ्यावर आधीच, उभ्या असलेल्यावर टोक टेकेल तेव्हा, आणि मागं सरकणाऱ्यावर बहुतेक वेळा नाहीच. हे शेवटचं शिकायला सगळ्यात जास्त दिवस लागतात. फॉरवर्ड स्मॅश हुकला तर मार्थ अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसता अडकून राहतो, आणि फॉक्ससारख्यासाठी ते थेट निमंत्रण असतं.

मग अंतर राखायचं कसं? मार्थची चाल बघितली की कबड्डी आठवते. चढाईवाला रेषेजवळ आत-बाहेर करत राहतो, बचाव करणाऱ्यानं झेप घ्यावी म्हणून. मेलीत याला डॅश डान्स म्हणतात. धाव सुरू करताच उलट दिशेला वळायचं, पुन्हा वळायचं. मार्थची ही ये-जा चांगली लांब पल्ल्याची आहे. शत्रूच्या टप्प्यात शिरल्यासारखं करायचं, त्यानं वार केला की बाहेर निघायचं, तो हुकला की परत आत घुसून धरायचं. मार्थची पकडही लांब पोचते, त्यामुळं शत्रूचा हुकलेला प्रत्येक वार महागात पडतो.

हवेतलं गणित थोडं सोपं आहे. उडी मारून समोर फिरवायचा वार चौथ्याच फ्रेमला लागतो, त्यामुळं अंदाज फार पुढचा बांधावा लागत नाही. शत्रूनं ढाल धरली असेल तरी टोकानंच मारायचं. जवळून मारलं तर तो ढालीतूनच हात घालून पकडतो, टोकावरून मारलं तर त्याचा हात पोचत नाही. म्हणजे टोकाचा फायदा फक्त नुकसानीचा नाही. टोक हे मार्थचं कुंपणही आहे, आणि बऱ्याच ट्युटोरियलमध्ये नेमकं हेच निसटतं.

हे सगळं जमलं की काय होतं, ते दोन खेळाडूंनी दाखवलं. २००० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या केन होआंगनं मार्थ घेऊन स्पर्धांवर राज्य केलं. (पुढं २००८ मध्ये तो 'सर्व्हायव्हर' या रिअ‍ॅलिटी शोमध्येही दिसला.) आणि जानेवारी २०२० मध्ये 'झेन' या मार्थ खेळाडूनं 'जेनेसिस ७' जिंकली. फायनलला समोर होता हंग्रीबॉक्स आणि त्याची जिग्लीपफ. जिग्लीपफ हवेत तरंगत पुढं-मागं करते, म्हणून तिच्याविरुद्धचा सामना जवळपास निव्वळ अंतराचा असतो.

टोकाची ही भानगड नको असलेल्यांसाठी निन्टेन्डोनं पर्यायही दिले. मेलीतल्याच रॉयचं उलटं आहे, त्याची तलवार मुठीच्या बाजूला जोरात लागते. २०१४ पासून ल्युसिना आली. तिच्या तलवारीची ताकद पातीभर सारखी. २०१८ च्या 'अल्टिमेट'मध्ये मार्थ आणि ल्युसिना दोघं आहेत, आणि अनेक स्पर्धक सरळ तिलाच निवडतात. दर वारामागं जुगार कोण खेळणार?

पण मेलीतला मार्थच शिकायचा असेल तर गेमच्या ट्रेनिंग मोडमध्ये वेग कमी करायची सोय आहे, अगदी पाव वेगापर्यंत. कॉम्प्युटरला उभं करायचं, टक्के शून्यावर असताना एक फॉरवर्ड स्मॅश मारायचा आणि आकडा बघायचा. २० आला तर टोक, १४ आला तर आतली पात. उभ्यावर जमलं की कॉम्प्युटरला चालतं करायचं, आणि वेग परत पूर्ण. टोक लागल्याचं बोटांनाही कळायला लागतं, कारण जास्त नुकसानीच्या घावाला पडदा किंचित जास्त वेळ थिजतो. तो थिजलेला क्षण ओळखता आला की आकड्याकडं बघायची गरज उरत नाही.